माऊसवाचून बिनतारी जोडणी

संगणक आंतरजालाशी जोडणाऱ्या बिनतारी व्यवस्थेला आपण आता सर्रास वाय-फाय म्हणतो. ही जोडणी साधण्याची एकच रीत बहुतेकांना ठाऊक असते. माऊस हाती घ्यावा, पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्यासारखे चिन्ह शोधावे, त्यावर टिचकी मारावी आणि समोर आलेल्या यादीतून आपल्या घरचे किंवा कचेरीचे नाव निवडावे. डोळस आणि धडधाकट माणसाला यात अवघड असे काही वाटत नाही. परंतु ज्याला पडदाच दिसत नाही, ज्याचा हात कंपवाताने थरथरतो, किंवा ज्याचा माऊस ऐन अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी बंद पडला आहे, त्याने काय करावे? बँकेचा व्यवहार, परीक्षेचा अर्ज, निवृत्तिवेतनाची चौकशी ही सारी कामे त्या जोडणीच्या पलीकडे आहेत. दारच उघडले नाही, तर आतल्या दालनांचे वर्णन ऐकून काय उपयोग?

माऊस हे संगणकाचे जन्मजात अंग नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून पहिला माऊस १९६४ च्या सुमारास साकार झाला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. कळफलक त्याहून कितीतरी जुना. तो टंकलेखन यंत्राकडून वारशाने आला, आणि त्याबरोबर टॅब नावाची कळही आली. कोष्टकातील एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उडी मारण्यासाठी कचेरीतील टंकलेखक ती वापरीत. संगणकावरही तिचे काम तत्त्वतः तेच आहे. पडद्यावरील एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर ती आपल्याला नेते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. येथे सांगतो ती रीत विंडोज ११ या प्रणालीची आहे. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रम थोडा मागेपुढे होतो, तरी मार्ग तोच राहतो. कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे विंडोजचे चिन्ह असलेली कळ असते. ती दाबून धरावी आणि इंग्रजी ए हे अक्षर दाबावे. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा फलक उघडतो. त्यावर वाय-फाय, ब्लूटूथ, विमान-प्रवासाची स्थिती इत्यादींची बटणे असतात. त्यांच्यावरून बाणांच्या कळांनी फिरता येते. वाय-फायच्या बटणावर असताना स्पेस बार दाबला की जोडणीचे यंत्र चालू किंवा बंद होते. म्हणून केवळ चाचपडताना स्पेस दाबू नये. यादी हवी असेल तर उजव्या बाणाने शेजारच्या लहान बटणावर जावे आणि एंटर दाबावे. आसपासच्या जोडण्यांची नावे एकाखाली एक येतात. खालच्या बाणाने आपले नाव गाठावे, एंटर दाबावे, मग टॅबने ‘कनेक्ट’ या बटणापर्यंत जाऊन पुन्हा एंटर दाबावे. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, टंकलिखित करून शेवटचा एंटर दिला की काम झाले. वाट चुकली तर एस्केप ही कळ एक पायरी मागे आणते. टॅबने पुढे जाता येते, तर शिफ्टसह टॅब दाबल्यास मागे येता येते.

अधिक बारकाईच्या व्यवस्थेसाठी विंडोज कळ दाबून सोडावी आणि इंग्रजीत वाय-फाय ही अक्षरे लिहून शोध घ्यावा. समोर येणाऱ्या सेटिंग्जच्या दालनात जुन्या, आता नको असलेल्या जोडण्या विसरायला लावता येतात. रेल्वे स्थानकासारख्या सार्वजनिक जागी जोडणी घेतली असेल, तर ती ‘पब्लिक’ या प्रकारातच ठेवावी. म्हणजे त्याच जोडणीवरील परक्या संगणकांना आपला संगणक सहजी दिसत नाही. मोजून पैसे द्यावे लागणारी जोडणी असेल तर ती ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी, त्यायोगे संगणक परस्पर मोठाल्या गोष्टी उतरवून घेण्याचे टाळतो. ज्यांना कळफलक चालतो पण पडद्यावरील बाण हलविल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबून संमती दिली की अंकांच्या कळाच माऊसचे काम करू लागतात.

ज्याला पडदा दिसत नाही त्याने हे कसे करावे? श्रोतेहो, आपण या क्षणी जे करीत आहात तेच. आपण मला पाहत नाही, ऐकता. तद्वतच संगणकही बोलका करता येतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजमधील नॅरेटर हा वाचक जागा होतो आणि प्रत्येक बटणाचे नाव व त्याची स्थिती मोठ्याने सांगतो. दुसरा वाचक एनव्हीडीए या नावाचा. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहावयास घेतला, आणि पुढे जेम्स टेह हे त्यांचे अंध सहकारी त्यांना येऊन मिळाले. तो विनामूल्य आहे. त्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या वाचायंत्रात मराठीही आहे. तो उच्चार काहीसा यांत्रिक वाटतो खरा, पण कानाला लवकरच सवय होते.

येथे भिलाईत या विषयाला एक निराळी पार्श्वभूमी आहे. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि हावडा-मुंबई लोहमार्ग दोहोंना आजही जोडतो. त्यामुळे मराठी कुटुंबे येथे नवखी नाहीत. अशा वसाहतीतील वृद्ध पालक एकटे आणि मुले पुण्याला किंवा परदेशी, हे चित्र आता कोठेही दिसेल. दृष्टी मंदावलेल्या अशा एखाद्या आजोबांना दररोज शेजाऱ्याची वाट पाहावी लागणे आणि चार कळा दाबून स्वतःच नातवाचा आवाज ऐकता येणे, या दोहोंतील अंतर केवळ सोयीचे नाही, ते स्वावलंबनाचे आहे.

तथापि सारा भार वापरणाऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. सार्वजनिक जागची जोडणी घेताना बहुधा एक पान उघडते, आणि त्यावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावयास सांगितले जाते. बोलक्या वाचकाला चित्रातील अक्षरे वाचता येत नाहीत, आणि कित्येक पानांवरील बटणांपर्यंत टॅबची कळ पोहोचतच नाही. त्या पानाच्या कर्त्याने कळफलकाचा विचार केला नसेल, तर वापरणाऱ्याचे सारे कौशल्य तेथे व्यर्थ ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२ व्या कलमाने माहिती व दळणवळणाची साधने सर्वांना वापरता येतील अशी ठेवण्याची जबाबदारी शासनावर सोपविली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन असा निर्णय दिला, की अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. प्रशासनात काम करणाऱ्या माझ्यासारख्याने यातून एक साधा धडा घ्यावा. कोणतीही नवी सेवा लोकांपुढे ठेवण्यापूर्वी माऊस बाजूला काढून ठेवावा, पडदा विझवावा, आणि केवळ कळा व कान यांच्या बळावर ती सेवा स्वतः घेऊन पाहावी.

आपणही आज घरी हा प्रयोग करून पाहावा. विंडोज आणि ए या दोन कळांपासून आरंभ करावा. प्रथम पाचदहा मिनिटे लागतील, आठवड्याभरात बोटांना वाट पाठ होईल. आणि घरात कोणी दृष्टिहीन किंवा वयोवृद्ध असेल, तर त्यांच्यासाठी जोडणी जोडून देण्याऐवजी त्यांचीच बोटे त्या कळांवर ठेवून द्यावीत.