आमच्याकडे तर सहाच माणसं!

लहान धंद्यातली दुखापत, आजारपण आणि रजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पत्र्याची शेड, दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल मशीन, सहा-सात कामगार आणि त्यांच्यातच उभा असलेला मालक. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे दृश्य सारखंच. कामगारांच्या विम्याचा विषय काढला की उत्तरही सारखंच मिळतं : "ते सगळं मोठ्या कंपन्यांना. आमच्याकडे तर सहाच माणसं!"

कायदा माणसं मोजतो, हे खरं आहे. पण त्या मोजणीवरून मुख्यतः एवढंच ठरतं, की कामगाराला इजा झाली तर पैसे सरकारी विमा योजना देणार की मालक स्वतः. धंदा लहान म्हणून जबाबदारी माफ होत नाही. उलट ती थेट मालकाच्या गल्ल्यावर येते. १९२३चा नुकसानभरपाई कायदा, १९४८चा राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय कायदा आणि १९६१चा मातृत्व लाभ कायदा हे तिन्ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. पाटी बदलली, तरी मालकाच्या जबाबदारीचा गाभा तोच आहे.

गैरसमज : दहापेक्षा कमी माणसं असतील तर कामावरच्या दुखापतीची जबाबदारी मालकावर नसते.

वस्तुस्थिती : दहाचा आकडा ईएसआयचा आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तर नोंदणी सक्तीची. त्याहून कमी असतील आणि ईएसआय नसेल, तर नुकसानभरपाईची तरतूद लागू होते. तिच्या यादीत कारखाना, वर्कशॉप, बांधकाम, वाहनचालक, लिफ्टची देखभाल अशी कामं आहेत आणि कारखान्यासाठी किमान कामगारसंख्येची अट नाही. रोजंदारीवरचा माणूसही त्यात येतो.

आता हिशोब पाहू. प्रेसवर काम करणारा ३० वर्षांचा कामगार, पगार १८,००० रुपये. भरपाईसाठी महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरतात. पूर्ण अपंगत्वाला त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा ठरलेला गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० रुपये. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं, म्हणून भरपाई सुमारे २,६२,०५५ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. मृत्यू झाला तर वेतनाच्या ५० टक्क्यांवर हिशोब होतो आणि रक्कम १५,५९,८५० रुपये होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापलीकडे.

गैरसमज : चूक कामगाराचीच होती, मग भरपाई कसली?

वस्तुस्थिती : चूक कोणाची, हा इथे मुख्य प्रश्नच नाही. दुखापत कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली का, एवढं पाहिलं जातं. "त्याचं लक्ष नव्हतं" हा बचाव चालत नाही. कामगार नशेत होता, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकलं, अशा वेळी मालकाला बचाव मिळतो. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर तोही टिकत नाही. उत्पादन वाढावं म्हणून प्रेसचा गार्ड मालकानेच काढायला लावला असेल, तर कामगाराकडे बोट दाखवून काही उपयोग नाही.

गैरसमज : दवाखान्याचं बिल भरलं, दोन महिन्यांचा पगार दिला, स्टॅम्पपेपरवर सही घेतली, विषय मिटला.

वस्तुस्थिती : पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेण्याची पद्धत सर्रास आहे. पण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायची तर ती नुकसानभरपाईचे दावे पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. मृत्यूची भरपाई तर परस्पर कुटुंबाच्या हाती द्यायचीच नसते; ती अधिकाऱ्याकडे जमा करायची आणि वाटणी त्याने करायची. चार नातेवाइकांसमोर दिलेले पैसे, ठरावीक आगाऊ रक्कम सोडली, तर भरपाईत धरलेच जात नाहीत. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत भरली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल, तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

गैरसमज : सगळ्यांचा मेडिक्लेम काढलाय, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो. बोट गेल्याची भरपाई देत नाही, घरी बसलेल्या दिवसांचा पगारही देत नाही. समूह अपघात विमा ठरलेली रक्कम देतो, पण त्यामुळे मालकाची कायदेशीर जबाबदारी आपोआप फिटत नाही. ही जबाबदारी उचलणारी पॉलिसी वेगळी. बाजारात तिला अजूनही 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' किंवा नुसतं 'डब्ल्यूसी' म्हणतात. ईएसआय नसलेल्या शेडला हवी ती ही.

ती घेतानाही तीन गोष्टी पाहायच्या. प्रीमियम वाचवण्यासाठी पगार किंवा माणसं कमी दाखवली, तर दाव्याच्या वेळी नेमकं तेच अंगाशी येतं. उपचाराचा खर्च बहुधा जादा प्रीमियम भरून जोडावा लागतो. आणि मालकाने उशीर केल्याचा दंड विमा कंपनी भरत नाही.

गैरसमज : माणूस ठेकेदाराचा होता, आपला नव्हे.

वस्तुस्थिती : आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तरी कामगार भरपाई मुख्य मालकाकडे मागू शकतो. मालकाने आधी ती द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. ठेकेदार तोवर फोन उचलेल की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. काम देण्याआधीच त्याची पॉलिसी किंवा ईएसआयचं चलन मागून घेणं केव्हाही बरं.

गैरसमज : गेटच्या बाहेर अपघात झाला तर आपला संबंध नाही.

वस्तुस्थिती : मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीला येताना कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तो निकाल फिरवला आणि कुटुंबाला भरपाई मिळाली. घर ते काम या प्रवासातला अपघात वेळ, जागा आणि परिस्थिती पाहता नोकरीशी जोडता येत असेल, तर तो कामावरचाच धरायचा. ईएसआय कायद्यात ही तरतूद २०१० पासून होती, आता ती संहितेतही आहे. कामावर निघालेला माणूस वाट सोडून पाहुण्यांकडे गेला, तर मात्र हा दुवा तुटू शकतो.

गैरसमज : ईएसआय म्हणजे सरकारी दवाखान्याची रांग, दुसरं काय?

वस्तुस्थिती : रांगेची तक्रार खोटी नाही. पण ईएसआयमध्ये दवाखान्याइतकंच महत्त्व रोख लाभांना आहे आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला योजना लागू होते. मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के. पगार १८,००० असेल तर ५८५ आणि १३५, मिळून ७२० रुपये; पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे.

बदल्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत पुढे ८० टक्के वेतन मिळतं आणि ते दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. कामावर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत ९० टक्के वेतन, आणि त्याला किमान वर्गणीची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हात सापडला तरी हक्क आहे. कायमचं अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार आयुष्यभर मासिक रक्कम, मृत्यू झाला तर अवलंबितांना निवृत्तिवेतन. दुखापतीसाठी दोन्हीकडून भरपाई मिळत नाही : ईएसआय लागू असेल तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर येत नाही. लहान मालकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच.

गैरसमज : बाईमाणूस कामावर घेतलं तर बाळंतपणाच्या सहा महिन्यांचा पगार आपल्या डोक्यावर.

वस्तुस्थिती : ईएसआयची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचं पूर्ण वेतन ईएसआय महामंडळ देतं; आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी पुरते. मातृत्व लाभाचे नियम लागू आहेत आणि ईएसआय नाही, अशाच ठिकाणी तो पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणजे ज्या भीतीपोटी बायकांना काम नाकारलं जातं, तिच्यावरचा उतारा बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या चलनातच असतो.

गैरसमज : आजारी पडला की बिनपगारी, आणि फार दिवस राहिला की कामावरून कमी.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ जिथे लागू आहे, तिथे वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ सणांच्या सुट्ट्या भरपगारी द्याव्या लागतात. २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. कारखान्यांच्या रजेचे नियम वेगळे आहेत. शिवाय ईएसआयचा आजारपणाचा किंवा मातृत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही.

गैरसमज : काही झालंच तर तेव्हा नाव नोंदवू.

वस्तुस्थिती : हे वरातीमागून घोडं. नोंदणी सक्तीची असूनही केली नसेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन त्याची वसुली मालकाकडून करू शकतं. अपघाताच्या तारखेनंतर घेतलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही. आणि ईएसआय असेल तर अपघाताची खबर २४ तासांत द्यावी लागते.

सहाच माणसं असणाऱ्या मालकालाही ईएसआयचा रस्ता बंद नाही. बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर स्वेच्छेने सहभागी होता येतं. १८,००० पगाराच्या सहा जणांची मालकाची वर्गणी वर्षाला ४२,१२० रुपये होते. हा आकडा लहान नाही, पण तर्जनीच्या भरपाईशेजारी ठेवून पाहावा : एका बोटाच्या २,६२,०५५ रुपयांत त्या एका कामगाराची सुमारे ३७ वर्षांची वर्गणी भरता आली असती. ईएसआय नको असेल तर खऱ्या पगारावरची, सगळ्यांची नावं असलेली डब्ल्यूसी पॉलिसी घ्यावी. दोन्ही नको म्हणणाऱ्या मालकाने एवढं लक्षात ठेवावं की विमा कंपनीची जागा आता त्याने स्वतः घेतली आहे, आणि प्रीमियम मात्र त्याला कोणीच देत नाही.