सुकतीच्या वेळची कर्ली

तारकर्ली मागे टाकून देवबागेत शिरलं की जमीन अरुंद होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, आणि मधल्या पट्टीवर माड, घरं, सुकत घातलेली जाळी. पुळणीवरून चालत निघालात तर पाच-दहा मिनिटांत खाडीकाठी पोचता. सह्याद्रीतून आलेली कर्ली इथे समुद्राच्या इतकी जवळ येऊनही त्याला लगेच भेटत नाही. दक्षिणेला वळते, देवबागेच्या कडेकडेने जाते आणि भोगव्यासमोर समुद्राला मिळते.

बहुतेक पाहुणे हा संगम इंजिनाच्या होडीतून पाहतात. डॉल्फिन, मग त्सुनामी आयलंड, की परत. 2004च्या त्सुनामीनंतर वर आलेला म्हणून ओळखला जाणारा हा वाळूचा दांडा. भरतीत त्यावर पाणी चढतं आणि माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून भजी खातात. मजा आहे, नाही कशाला म्हणा! पण तिथल्या गलक्यात नदी ऐकू येत नाही.

त्यासाठी वल्ह्याची होडी किंवा कयाक घ्यावी आणि तिथी बघून निघावं. पुनवेला-अवसेला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा नवख्या हातालाही वल्हं जमतं. भरतीबरोबर आत जायचं. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी खाली उतरलेली, त्यांना कालवं चिकटलेली. हात लावू नका, पात्यासारखी कापतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा हिरवा कोंब लोंबत राहतो आणि पडला की चिखलात रोवला जातो. तिवराचं वेगळं: त्याची श्वासमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका 2017पासून पर्यटकांना अशी कांदळवनं दाखवतात, आणि वल्हीही त्याच मारतात.

कर्लीत आम्ही एका वळणावर रेंगाळलो. काठाचा चिखल उघडा पडत चालला होता. दोन बायका कंबरेत वाकून, बोटांनी चाचपत मुळे, म्हणजे शिंपले, काढत होत्या. होडीवाल्या काकांनी वल्हं उभं टेकवून खोली पाहिली.

"सुकती लागली. आता फिरूया, नायतर होडी हयच रवतली."