हिंमत आहे, फ्रीझर नाही!

बचत गटाच्या बायका पापड-लोणच्याच्या पुढे का जात नाहीत, असं आपण सहज विचारतो. घाटनांदूरच्या बायकांशी बोलताना त्याचं उत्तर सीताफळाच्या पाटीत सापडलं.

आठ मार्च जवळ आला की निमंत्रणपत्रिका यायला लागतात. ‘यशस्वी उद्योजिकांचा सत्कार’, ‘भरारी’, ‘गगनझेप’... शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. आणि भाषणात एक वाक्य ठरलेलं - ‘बायकांनी आता हिंमत करायला हवी!’ टाळ्या पडतात. मैत्रिणींनो, मला मात्र हे वाक्य ऐकलं की प्रश्न पडतो. पहाटे चारला उठून डोंगरात जाणारी, डोक्यावर पाटी घेऊन स्टेशन गाठणारी, तिथं अनोळखी माणसांशी घासाघीस करणारी बाई हिंमतीत कुठे कमी पडते? आणि हिंमत इतकी आहे, तर मग तिचा धंदा वाढत का नाही?

माझ्या धाकट्या नणंदेचं सासर अंबाजोगाई तालुक्यात. त्यामुळे घाटनांदूरला माझं अधूनमधून जाणं होतं. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या, निजामाच्या काळातल्या रेल्वे लाइनवरचं हे स्टेशन. अंबाजोगाईसारख्या जुन्या, मोठ्या गावाला रेल्वे नाही. रेल्वे गाठायची तर परळीला जा, नाहीतर घाटनांदूरला. आजूबाजूला बालाघाटाच्या डोंगररांगा, माळरान, मुरमाड जमीन आणि पावसाचा कायमचा लहरीपणा. पण या हलक्या जमिनीवर एक झाड मात्र कुणी पाणी घालो न घालो, आनंदानं वाढतं. सीताफळ! अंबाजोगाई, धारूर, बीड या सगळ्या पट्ट्यात ते बांधावर आहे, डोंगरात आहे. अलीकडे बागाही झाल्या आहेत. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं खास सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-६’ हे वाण तिथलंच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नाव झालं, मान मिळाला. मग पैसा कुणाला मिळाला?

दसऱ्याच्या सुमारास तिथल्या एका बचत गटाच्या बायकांशी निवांत गप्पा झाल्या. अकराजणींचा गट. महिन्याला शंभर रुपये बचत, आपसांत कर्ज, परतफेड चोख. गटाच्या अध्यक्ष चाळिशीतल्या, बोलायला मोकळ्या. सीताफळाचा विषय काढला तर म्हणाल्या, “ताई, सीताफळ म्हंजे पाव्हणा हाय. डोळे उघडले की तोडावं लागतंय, आन् तोडलं की दोन-तीन दिसांत पिकतंय. आज इकलं नाही तर उद्या उकिरड्यावर!”

सीताफळाचे ‘डोळे उघडले’, म्हणजे त्याच्या खवल्यांमधल्या रेघा पिवळसर झाल्या, की ते तोडायला आलं. त्यानंतर बाईच्या हातात वेळ फारच थोडा. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो सकाळी भाव सांगत नाही, दुपारी सांगतो. पाटी वजनावर नाही, नजरेनं घेतो. कुणी बांधावरची झाडं आधीच उक्ती देऊन टाकतं. हंगामाच्या ऐन भरात तर सगळ्यांचीच फळं एकदम पिकतात आणि भाव कोसळतो. “काटा त्याचा, भाव त्याचा, गाडी त्याची. आपलं काय? नुसतं डोकं, पाटी ठिवायला!” शेजारची एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

तापवलं की कडू

मग पक्का माल का करत नाही? जॅम, सरबत, वड्या? हा सल्ला या बायकांना एका प्रशिक्षणात मिळाला होताच. बाकी प्रशिक्षणं पापड, लोणची, अगरबत्ती यांची! पण सीताफळ आंब्यासारखं नाही. आंब्याचा रस आटवता येतो, पेरूची जेली होते. सीताफळाचा गर जास्त तापवला की कडवट होतो. बरं, तसाच ठेवावा तर वांगं चिरून ठेवल्यावर जसं काळं पडतं तसा हवा लागून लालसर-तपकिरी पडतो. म्हणून या फळाला एकच वाट - फळ स्वच्छ धुवायचं, गर झटपट काढायचा, बिया वेगळ्या करायच्या, पिशवीत हवाबंद करायचा आणि लगेच गोठवायचा. उणे १८ अंशांच्या आसपास हा गर कित्येक महिने टिकतो. शहरात आपण वर्षभर सीताफळाचं आइस्क्रीम, रबडी, बासुंदी खातो ती या गोठवलेल्या गरामुळे.

आता बघा, यातलं बायकांना अवघड काय आहे? गर काढणं? मुळीच नाही. बी न फोडता गर सोडवणं हे नाजूक हाताचं काम, त्यात त्या तरबेज आहेत. बी फुटली तर गराची चव बिघडते आणि ती डोळ्याला किती वाईट, हेही त्यांना कुणी शिकवायला नको. अवघड आहे तो गारवा! डीप फ्रीझर हवा, त्याला अखंड वीज हवी, वीज गेली तर जनरेटर हवा आणि गोठलेला माल शहरापर्यंत तसाच गोठलेला नेणारी गाडी हवी. साखळीतली एक कडी तुटली की सगळा माल वाया. कच्चं फळ आणि गोठवलेला गर यांच्या भावात जो फरक आहे, तो गारवा ज्याच्याकडे आहे त्याला मिळतो. बाईच्या हिंमतीचा इथे काय संबंध?

जोडीचा एक कोयता

हा प्रश्न चार पैसे जास्त मिळण्याचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. सीताफळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. आणि याच दिवसांत बीड जिल्ह्यात दुसरं एक माणूस दारात येतं, मुकादम! दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती पुढे चार-पाच महिने फडावरच राहतात. उचल घेतली की जावंच लागतं. तिथला हिशोब कसा? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोघं राबतात, पण उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई त्या हिशोबात अर्धी, आणि तो अर्धाही तिच्या नावाने कुठे लिहिलेला नसतो. सुट्टी घेतली तर खाडा. पोटात दुखो की पाळी येवो, मोळी उचलायचीच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, विधिमंडळात चर्चा झाली, राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हा आपण सगळ्याच हळहळलो होतो.

त्या गटातल्या चारजणी दरवर्षी फडावर जातात. अध्यक्ष ताई स्वतः दोन वर्षं गेलेल्या नाहीत, थोरली मुलगी दहावीला आहे म्हणून. त्यांचं गणित साधं आहे. सीताफळाच्या तीन महिन्यांत घरात पुरेसे पैसे आले, तर घरधनी उचल घेणार नाही. नाही आले तर घेईल. मग मुलीची शाळा सुटेल, कारण धाकट्यांना सांभाळायला फडावर कुणीतरी लागतंच. “पोरगी हुशार हाय ताई,” एवढंच त्या म्हणाल्या. एका फ्रीझरवर एका मुलीची दहावी अवलंबून आहे, हे कुठल्या प्रकल्प अहवालात लिहिलेलं असतं?

सही कुणाची?

फ्रीझरसाठी कर्ज घ्यावं म्हणून त्या एका बँकेत गेल्या. तिथे विचारलं, तारण काय? जमीन कुणाच्या नावावर? मालकांना घेऊन या! गटाचं रजिस्टर, चोख परतफेडीच्या नोंदी, कशाचाच उपयोग झाला नाही. आता नियम काय सांगतो ते ऐका. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, म्हणजे आपल्याकडे ‘उमेद’मधल्या बचत गटांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. २०२१ मध्ये विनातारण कर्जाची ही मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढवली गेली. नियम कागदावर आहे, पण काउंटरपलीकडच्या माणसाच्या डोक्यात अजून सातबारा आहे!

आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं? शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती ती याचसाठी. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं त्यांनी पुरुषांना सांगितलं. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. पण आजही हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची साडी घेणाऱ्या लेकी आपल्या ओळखीत आहेतच की!

ज्यांचं जमलं त्यांचं काय वेगळं होतं?

लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये. पण या गोष्टीतला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. पीठ एका जागी मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, समोर वजन करायचं आणि मजुरी हातात घ्यायची. मुंबईत बायकांना ने-आण करायला गाडी. लाटणारी प्रत्येकजण मालकीण. घर, मुलं, स्वयंपाक सांभाळून बाईला काय जमेल, याचा आधी विचार केला आणि मग त्याभोवती धंदा बांधला.

साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये बायकांची ‘माणदेशी’ बँक उभी केली. एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्यात घरावर घालायच्या प्लास्टिकसाठी पैसे साठवायचे होते आणि तिचं खातं कुणी उघडेना, तिथून ही कल्पना निघाली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर! त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि ‘व्याजाचा हिशोब तोंडी घाला, तुमच्या साहेबांच्या आधी सांगतो’ असं म्हणाल्या. परवाना मिळाला. आणि बँक बायकांच्या दारात गेली, कारण रोजगार बुडवून बँकेत यायला कुणाला परवडतं?

थेट सीताफळाचंच उदाहरण हवं तर ते राजस्थानातलं आहे. पाली जिल्ह्यातल्या आदिवासी बायका जंगलातून सीताफळं आणून टोपलीवर विकायच्या. त्यांनी एकत्र येऊन ‘घूमर’ नावाची स्वतःची कंपनी काढली. गावातच वजनकाटा लावून फळ घ्यायला सुरुवात केली, प्रतवारी केली, गर काढून गोठवला आणि तो आइस्क्रीमवाल्यांना विकायला लागल्या. तीच बाई, तेच फळ. बदललं ते काट्यापासून पुढचं सगळं. मात्र त्यांच्यामागे एक संस्था कित्येक हंगाम उभी होती. एका दिवसाच्या मेळाव्यातून हे झालेलं नाही.

मग काय करायचं?

आपल्याकडे सगळंच आडलंय असं नाही. २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तेव्हा ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये बीडच्या वाट्याला सीताफळच आलं. त्यात यंत्रसामग्रीवर ३५ टक्के अनुदान आणि गटातल्या बाईमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती. पण अनुदान कर्जाला जोडलेलं. आधी बँकेने हो म्हणायचं, मग अनुदान. म्हणजे गाडी पुन्हा त्याच काउंटरपाशी येऊन थांबते!

घाटनांदूरच्या बायकांनी माझ्यापुढे जे मागितलं ते मोठं नाही. पाच-सात गटांनी मिळून वापरायची एक गारव्याची खोली. हंगामाचे तीन महिने तिथली वीज जाणार नाही, अशी हमी. गावात सगळ्यांसमोर असलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा. गर घेणाऱ्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराशी हंगामाच्या आधी ठरलेला भाव. आणि खातं, कर्ज, जागा यातलं काहीतरी स्वतःच्या नावावर. यातल्या पहिल्या तीन गोष्टी ग्रामपंचायत, ‘उमेद’ आणि वीज कंपनी यांनी एका टेबलाभोवती बसून ठरवल्या तर एका हंगामात होण्यासारख्या आहेत.

आणि आपण? महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गेलात तर बचत गटाच्या ताईंशी भाव करण्याआधी दोन प्रश्न विचारा - हा माल वर्षभर कुठे मिळेल, आणि त्याचे पैसे तुमच्या खात्यात येतात का? तुमच्या घरातलं कुणी बँकेत असेल, तर विनातारण कर्जाचा तो नियम त्यांना आज जेवताना आठवण करून द्या. महिला दिनाचा कार्यक्रम तुमच्या मंडळाचा असेल, तर शाली-श्रीफळांचा खर्च एखाद्या गटाच्या फ्रीझरच्या पहिल्या हप्त्याला द्या. भाषण लांबलं तरी चालेल, पण त्यात हिंमतीवरचं ते ठरलेलं वाक्य नको. बालाघाटात पुढच्या सप्टेंबरात सीताफळांचे डोळे उघडतील. मुकादम त्याच्या मागोमाग येईल. तेवढीच मुदत आहे.