मोबाईलमधल्या मेसेजचेही बियाणे राखून ठेवा



भाताची झोडणी झाली की आपण काय करतो? चांगल्या लोंब्यांचे भात वेगळे काढतो, उन्हात खडखडीत वाळवतो आणि खाण्याच्या भातात न मिसळता निराळ्या कणगीत ठेवतो. घरात कितीही ओढ असली तरी त्या बियाण्याला हात लावत नाही. एका कणगीत उंदीर शिरले तर दुसरी शाबूत राहावी, ही वाडवडिलांनी घालून दिलेली रीत आहे. हीच रीत आता मोबाईलमधल्या मेसेजना आणि फोटोंनाही लावायला हवी. ती कशी लावावी, हे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या घरांना उपयोगी पडेल अशा बेताने इथे सांगतो.

कागद पेटीतून मोबाईलमध्ये आले

पूर्वी घरची कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत असत. सात-बाराचा उतारा, सोसायटीची पावती, आडत्याची पट्टी, बँकेचे पासबुक, सगळे त्या एका पेटीत. आज त्यातला बराचसा ऐवज मोबाईलमध्ये आला आहे. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी खात्यात पडतात, त्याची खबर मेसेजने कळते. वाशीच्या बाजारात गेलेल्या भेंडीची पट्टी आडत्या व्हॉट्सॲपवर धाडतो. मजुरांचे हिशेब, ट्रॅक्टरवाल्याशी ठरलेला दर, खताच्या पावतीचा फोटो, अवकाळी पावसाने आडव्या झालेल्या भाताचे फोटो, हे सारे त्या हातभर नव्हे, वीतभर यंत्रात आहे.

हा बदल आपल्याकडे आज-काल आलेला नाही. केंद्र सरकारने १६ जुलै २०१३ रोजी एम-किसान पोर्टल सुरू केले, तेव्हापासून हवामानाचा आणि पिकांचा सल्ला मेसेजने शेतकऱ्यांपर्यंत जाऊ लागला. मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले आणि तिथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. त्याच वर्षी ८ मार्चला, त्याच तालुक्यातल्या फांगणे गावी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा भरली. साठी उलटलेल्या आजी पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. ज्या तालुक्यात आजी लिहायला शिकतात, तिथे मेसेज राखून ठेवायची विद्या अवघड वाटायचे कारण नाही.

मेसेज राहतो कुठे?

पुष्कळ जणांची समजूत अशी, की मेसेज सिम कार्डात असतो. मोबाईल हरवला तर कंपनीकडून त्याच नंबरचे नवे सिम घेतले की झाले, सगळे परत येईल. ही समजूत मनातून काढून टाकावी. नव्या सिमबरोबर नंबर परत येतो, मेसेज येत नाहीत. मेसेज आणि फोटो मोबाईलच्या पोटात साठतात. चिखलणीच्या वेळी खिशातला मोबाईल चिखलात पडला, लावणीच्या पावसात इरल्याखालून भिजला किंवा कसाऱ्याच्या लोकलमध्ये गर्दीत गेला, तर त्याच्याबरोबर आतला ऐवजही जातो. हरवलेला मोबाईल पुन्हा विकत घेता येतो. त्यातली तीन वर्षांपूर्वीच्या व्यवहाराची पट्टी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणून दुसरी प्रत हवी. ह्या दुसऱ्या प्रतीलाच बॅकअप म्हणतात. ती मोबाईलच्या बाहेर असली तरच तिचा उपयोग.

आधी खाते कोणाचे ते पहा

अँड्रॉइड मोबाईलचा बॅकअप गुगल खात्यात जातो. आता घरात एक साधा प्रश्न विचारा. आपल्या मोबाईलमध्ये ज्या जीमेलचे खाते आहे, ते कोणाचे आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? मोबाईल घेताना दुकानातल्या पोराने खाते उघडून दिलेले असते किंवा कल्याणला कामाला असलेल्या भाच्याने स्वतःचेच घातलेले असते. असे असेल तर आपले बियाणे दुसऱ्याच्या कणगीत पडते आहे आणि तिची किल्लीही आपल्याकडे नाही.

तेव्हा पहिले काम हे करा. घरच्या माणसाच्या नावाचे खाते घाला. खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही पेटीत ठेवा. खात्याला दोन नंबर जोडून ठेवावेत, एक घरचा आणि एक विश्वासातल्या नातलगाचा. पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवायला त्यांचा आधार होतो.

घरचे वाय-फाय नीट जोडा

बॅकअपला नेट लागते. रोजच्या पॅकमधले दीड-दोन जीबी त्यातच संपले तर संध्याकाळी मुलांचा अभ्यास अडतो. म्हणून घरात फायबरचे किंवा दुसरे वाय-फाय असेल तर बॅकअप त्यावरच घ्यावा.

मोबाईल वाय-फायला जोडण्याची रीत सोपी आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फाय चालू करावे, दिसणाऱ्या नावांतून आपल्या घरचे नाव निवडावे आणि पासवर्ड घालावा. पहिला पासवर्ड बहुधा डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. जोडणी करायला आलेल्या माणसाकडून तो त्याच दिवशी बदलून घ्यावा आणि वहीत लिहावा. एकदा जोडलेला मोबाईल पुढे घरात आला की आपोआप जोडला जातो.

डबा कुठे ठेवावा, यालाही महत्त्व आहे. लोखंडी कपाटामागे, पत्र्याच्या पेटीवर किंवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्यास लहरी अडतात. घराच्या मध्यभागी, डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावा. डब्यातून दोन नावे दिसत असतील आणि त्यांतल्या एकापुढे ५जी लिहिले असेल, तर ते नाव जवळून वेगवान चालते. दुसरे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे, जाड भिंतीपलीकडे पडवीपर्यंत अधिक चांगले पोचते. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की डब्याची पिन बोर्डातून काढून ठेवावी. फायबरची तार काचेची असली, तरी विजेची जोडणी तांब्याचीच आहे.

घरात वाय-फाय नसेल तर अडून बसू नये. एका मोबाईलचे नेट हॉटस्पॉट करून दुसऱ्याला देता येते. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या आतल्या पाड्यांवर रेंज मिळत नसेल, तर आठवडे बाजाराला तालुक्याच्या गावी जाल तेव्हा ओळखीच्या नातलगाकडे तासभर बसून हे काम उरकावे. चहाही होतो आणि कामही होते. स्टँडवरच्या किंवा दुकानातल्या अनोळखी फुकट वाय-फायवर मात्र बँकेचे काम करू नये.

बॅकअप कसा घ्यावा?

साध्या मेसेजसाठी: सेटिंग्जमध्ये गुगल, त्यात बॅकअप. तिथे एसएमएसचा उल्लेख आहे ना ते पहावे, बॅकअप चालू करावा आणि लगेच बॅकअप घ्यावा. निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाईलमध्ये ही जागा थोडी इकडेतिकडे असते. सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत बॅकअप हा शब्द लिहावा. एक ध्यानात ठेवावे. मोबाईल सलग ५७ दिवस वापरला नाही, तर गुगल हा बॅकअप काढून टाकू शकते. म्हणून बिघडलेला मोबाईल माळ्यावर टाकून महिनोन् महिने थांबू नये. शिवाय हे जुने मेसेज नव्या मोबाईलमध्ये तो पहिल्यांदा सुरू करतानाच परत घ्यायचे असतात. घाईने ती पायरी ओलांडू नये.

व्हॉट्सॲपसाठी: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप. तिथे आपले गुगल खाते निवडावे, बॅकअप रोज की आठवड्याला ते ठरवावे आणि तो फक्त वाय-फायवर घेण्याचे निवडावे. व्हिडिओ वगळावेत. गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट असते आणि तीत फोटो, ईमेल आणि व्हॉट्सॲप सगळेच मावायचे असते. सकाळच्या सुप्रभातांनी ती भरली, तर कामाच्या पट्टीला जागा उरत नाही. शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ दर महिन्याला निंदून काढावेत. तण काढल्याशिवाय पीक धरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नवा मोबाईल घेतल्यावर तोच नंबर आणि तेच गुगल खाते घालावे, म्हणजे व्हॉट्सॲप जुना बॅकअप परत घ्यायचा का असे विचारते. तिथे होकार द्यावा. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो वहीत लिहून ठेवावाच. तो विसरला तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही.

कामाची गप्पा निवडून वेगळीही काढता येते. त्या माणसाच्या चॅटमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' असा पर्याय असतो. त्यातून सगळा मजकूर एका फाईलमध्ये निघतो. ती फाईल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी.

उगवण चाचणी घ्या

पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ऐंशीच्या वर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. बॅकअपचीही अशीच चाचणी घ्यावी. चॅट बॅकअपमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. ती मागच्या वर्षीची असेल, तर मधल्या साऱ्या मेसेजची दुसरी प्रत कुठेच नाही. गुगल फोटोमध्ये ठेवलेले फोटो घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर आपले खाते उघडून दिसतात का, तेही पहावे. पाहून झाल्यावर त्या मोबाईलमधून खाते बाहेर काढावे.

साधा मोबाईल आणि मेसेजची वही

बटणांचा साधा मोबाईल वापरणाऱ्यांनी शंभर पानी वही करावी. तारीख, कोणाकडून, रक्कम किंवा क्रमांक आणि कशाबद्दल, असे चार रकाने आखावेत. ज्यांच्याकडे मोठा मोबाईल आहे, त्यांनीही पैशाच्या आणि जमिनीच्या मेसेजची नोंद या वहीत करावी. वही भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. एटीएमचा पिन आणि ओटीपी मात्र या वहीत कधीच लिहू नयेत.

व्यवहारात तंटा झाला तर मेसेज पुराव्याला चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून तंटा सुरू असताना मूळ मेसेज पुसू नये, तो मोबाईल विकू नये आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. वहीतली नोंद आठवणीला उपयोगी आहे, पण मूळ मेसेजची जागा ती घेत नाही.

भामट्यांपासून सावध

राखलेले बियाणे चोराच्याही डोळ्यावर येते. तुमचा बॅकअप करून देतो, सहा आकडी कोड सांगा, असा फोन आला तर तिथेच बंद करावा. हप्त्याच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके असे शेपूट असलेली फाईल आली तर उघडू नये, मग ती ओळखीच्याच्या नंबरवरून का आलेली असेना. फसवणूक झालीच तर एक तासही न दवडता १९३० या नंबरवर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

मोबाईल हरवला तर आधी सिम बंद करून घ्यावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो मोबाईल बंद करण्याची नोंद करावी. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर दिसतो. मोबाईल हातात आहे तोवरच तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हे काम कोणी करावे?

घरात दहावी-बारावीची मुलगी किंवा मुलगा असेल, तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे, पण शेजारी बसून शिकून घ्यावे. वहीची राखण घरच्या बाईकडे असावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपची तारीख पहावी. राब पेरण्यापूर्वी एकदा आणि झोडणी आटोपल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा पूर्ण तपासणी करावी.

पिकाबद्दल काही अडचण आली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा बिनपैशाचा नंबर आहेच. तिथे मिळालेला सल्लाही तारीख घालून वहीत उतरवा. आणि आज रात्री जेवणे झाली की घरातले सगळे मोबाईल ओटीवर घेऊन बसा. कोणत्या मोबाईलमध्ये कोणाचे खाते आहे, एवढे तरी झोपण्यापूर्वी नक्की करा. पुढची कामे मग एकेक करून सहज होतात.