‘ग्रेट’ म्हणजे दर वेळी ‘महान’ नव्हे!

‘ग्रेट ब्रिटन’मधला ‘ग्रेट’ ब्रिटिशांची थोरवी सांगतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आकार सांगतो. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांत हा धाकटा ब्रिटन, म्हणून हे बेट थोरला ब्रिटन. मराठीत ‘थोर’ वेगळा, ‘थोरला’ वेगळा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. १९१४-१८च्या युद्धाला ‘ग्रेट वॉर’ म्हणत, तेही व्याप्तीमुळे, कौतुकाने नव्हे. आपल्या ‘महायुद्ध’, ‘महामंदी’तला ‘महा’ तसाच. माळढोकाच्या ‘ग्रेट इंडियन बस्टर्ड’ या नावातही मुद्दा आकाराचाच. ‘ग्रेट-ग्रँडफादर’ म्हणजे मात्र साधे पणजोबा. ‘थोर आजोबा’ असे भाषांतर केले, तर एक पिढीच गळते! आणि लोकल चुकल्यावर कुणी ‘ग्रेट!’ म्हणाले, तर तो निव्वळ वैताग.