सुरजागड लोहखनिज निक्षेप

सुरजागड लोहखनिज निक्षेप हा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील डोंगररांगेत आढळणारा लोहधातुकाचा साठा आहे. हेमॅटाइट हे त्यातील प्रमुख खनिज होय. १९८२ पूर्वी हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा व असोला येथेही लोहखनिज सापडते.

== खनिज संघटन ==
येथील मूळ खडक पट्टित हेमॅटाइट क्वॉर्ट्‌झाइट हा असून त्यात लोहयुक्त व सिलिकायुक्त थर आलटून पालटून आढळतात. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असते. मूळ खडकात मात्र सिलिकेमुळे हे प्रमाण बरेच कमी असते.

== निर्मिती ==
प्राचीन समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन ते सिलिकेबरोबर तळाशी साचले. पुढे दाब व उष्णता यांमुळे या थरांचे व्यापक रूपांतरण झाले. सिलिकेचे पुनःस्फटिकीभवन होऊन क्वॉर्ट्‌झाइट तयार झाला. त्यानंतर झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका वाहून नेली व मागे लोहसमृद्ध धातुक उरले.

== स्कार्न निक्षेपांशी तुलना ==
स्कार्न निक्षेपही रूपांतरणाशी निगडित असतात, परंतु त्यांची प्रक्रिया वेगळी आहे. तप्त शिलारस चुनखडकात घुसल्यावर त्यातील उष्ण द्रवांची चुनखडकाशी विक्रिया होते आणि गार्नेट, पायरोक्सीन यांसारखी कॅल्शियमयुक्त सिलिकेटे तयार होतात. त्यांच्यासोबत मॅग्नेटाइट किंवा तांब्याची खनिजे साचतात. म्हणजेच स्कार्नमध्ये धातू बाहेरून येतो, तर सुरजागडमध्ये लोह मूळ थरातच होते.

== भूरूप व उत्खनन ==
क्वॉर्ट्‌झाइट कठीण असल्याने सभोवतालचा भाग झिजला, तरी हे डोंगर टिकून राहिले. त्यामुळे समृद्ध धातुक माथ्याजवळ आढळते आणि त्याच माथ्यांवर वन आहे. माडिया गोंड समाजाचे ठाकूरदेव हे श्रद्धास्थानही याच डोंगरांत असून तेथे जानेवारीत यात्रा भरते.

२००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी येथील अनेक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक १ कोटी टन उत्पादनास पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली. रोजगार आणि उद्योगवाढ यांसाठी खाणीचे समर्थन केले जाते, तर वनहक्क कायदा, २००६ व ग्रामसभांची संमती यांच्या आधारे तिला विरोधही झाला आहे. काढलेले धातुक आणि कापलेला माथा पुन्हा निर्माण होत नसल्याने हा वाद केवळ आर्थिक राहत नाही.