बालमनाची श्रद्धा आणि परधर्मातील आदर्श

शिक्षकाला वर्गात जे अवघड प्रश्न भेटतात, त्यांतील एक प्रश्न बहुधा आठ-दहा वर्षांचे मूल विचारते. ‘गुरुजी, आपला देव खरा की त्यांचा?’ अशा वेळी ‘सर्व धर्म सारखेच’ असे उत्तर देऊन आपण पुढचा धडा सुरू करतो. मुलाचे त्याने समाधान होत नाही. शेजारच्या घरी मूर्ती नाही, तेथील प्रार्थनेची भाषा निराळी, सण निराळे, मृताला निरोप देण्याची रीतही निराळी, हे त्याला दिसत असते. जे सारखे नाही ते सारखे आहे असे सांगितल्याने मूल उदार होत नाही. या विषयावर मोठी माणसे खरे बोलत नाहीत, एवढाच धडा ते घेते.

गुरुजनांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाच्या निमित्ताने त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. बालमनाला तत्त्व उशिरा कळते, माणूस आधी कळतो. सत्य म्हणजे काय हे हरिश्चंद्राच्या कथेतून कळते, मातृभक्ती श्यामच्या कथेतून. परधर्माविषयीचा आदरही याच वाटेने येतो. त्या धर्मातील एखादे चरित्र मुलाला मनापासून वंदनीय वाटले, म्हणजे पुढे त्या धर्माविषयी कोणी सरसकट वाईट बोलू लागले तर ते चरित्र त्याच्या मनात आडवे उभे राहते.

अशा चरित्रांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या डहीच्या परिसराचाच विचार करू. बाघची बौद्ध लेणी आपल्याच धार जिल्ह्यात आहेत. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात 1929 साली महाराज सुबंधू याचा ताम्रपट सापडला. बुद्धपूजेसाठी, विहाराच्या डागडुजीसाठी आणि चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्र, अन्न व औषधासाठी त्याने एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. याच सुबंधूचा दुसरा ताम्रपट बडवानीचा, आणि त्यात दान आहे एका ब्राह्मणाला. नर्मदेपलीकडे बावनगजाला आदिनाथांची 84 फूट उंचीची मूर्ती डोंगरात कोरलेली आहे. बाघच्या ठशांचे कापड छापणारे खत्री कारागीर मुसलमान, आणि ते लाल-काळे कापड पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागविणाऱ्या स्त्रिया भिल्ल-भिलाला समाजातील. मुलाला इतिहास शिकविताना एवढे दाखविले तरी आपल्या भूमीवर अनेक श्रद्धा नांदल्या, हे त्याला उपदेशाविना कळते.

मराठी भाषेला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. ताहराबादचे महिपती (1715–1790) यांनी संतचरित्रे लिहिताना नाभाजींच्या भक्तमालेचा आधार घेतला आणि मराठी संतांच्या पंक्तीला कबीर, रोहिदास, नरसी मेहता, मीराबाई यांना बसविले. त्याच पंक्तीत श्रीगोंद्याचे शेख महंमदही आहेत. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मराठी ओवीबद्ध ग्रंथ सतराव्या शतकातला. आपला जन्म मुसलमान कुळातला हे त्यांनी लपविले नाही, आणि हिंदू-मुसलमान दोघांच्याही पोकळ कर्मकांडावर टीका करताना हात आखडला नाही. ओवी ऐकत वाढलेल्या कित्येक पिढ्यांना हे नाव परके वाटले नाही, याचे श्रेय महिपतींसारख्या चरित्रकारांना आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. परधर्मातील सत्पुरुष मुलांपुढे ठेवताना आपण नकळत त्याला आपल्या रंगात रंगवितो. ‘ते मुसलमान असूनही किती चांगले होते’ या वाक्यातील ‘असूनही’ हा शब्द सारा पाठ पुसून टाकतो. त्या शब्दातून मूल एवढेच उचलते की चांगुलपणा हा अपवाद होता. ज्या सूफी वातावरणात शेख महंमदांचे मन घडले, तेही सांगितले पाहिजे. परंपरा चांद बोधले यांना त्यांचे गुरू मानते आणि ते कादिरी सूफी मार्गातले होते असे सांगते. व्यक्ती सांगावयाची तर तिच्या श्रद्धेसह, संपूर्ण सांगावी.

दुसरी गोष्ट मतभेदाची. उदार श्रद्धा म्हणजे वाद टाळणे, असा समज करून घेऊ नये. एकनाथांचे (1533–1599) ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड या दृष्टीने वर्गात वाचण्याजोगे आहे. त्यात दोघे एकमेकांची वर्मे काढतात, कठोर बोलतात, कोणी कोणाला सोडीत नाही. आणि एवढे झाल्यावर शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. भांडणाचा भाग गाळून केवळ आलिंगन शिकविले तर ते नाटकी वाटेल. मतभेद बोलूनही माणूस गमवावा लागत नाही, हे कळण्यासाठी मुलाला तो संवाद पूर्ण ऐकू द्यावा.

हेच सत्य एका घराच्या चार भिंतींत पाहावयाचे असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे चरित्र आहे. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. ताटातूट झाली, पुढे पुन्हा एकत्र येणे झाले. सोवळ्याच्या कल्पना सोडणे लक्ष्मीबाईंना किती जड गेले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत-हसत आणि कोठेही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. पुढे 1900 साली त्यांनीही दीक्षा घेतली, पण स्वतःच्या मनाने. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांची भक्ती अभंगातच बोलत राहिली. या कथेत खलनायक कोणी नाही, दुःख मात्र खरे आहे. मोठ्या मुलांना ती अवश्य सांगावी.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. दुसऱ्याच्या घरातील संत दाखविण्याआधी आपल्या घराचे दार उघडे आहे की नाही, हे पाहावे लागते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयातील मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत असत. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या त्याच लेखणीने ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. परंतु त्यांच्या शिकवणीला वजन आले ते 1947 च्या मे महिन्यातील पंढरपूरच्या उपोषणाने. अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचे मंदिर खुले व्हावे म्हणून त्यांनी 1 मेपासून 10 मेपर्यंत प्राण पणाला लावले. स्वधर्मातील अन्यायाविषयी मौन बाळगून परधर्माविषयी सहिष्णुता शिकविणारा शिक्षक मुलांना फार दिवस फसवू शकत नाही.

आपल्या परिसरात या कसोटीचा आणखी एक अर्थ आहे. डहीच्या वर्गात बसलेली बहुसंख्य मुले आदिवासी घरांतील असतात. आपण हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, जैन, बौद्ध अशी यादी फळ्यावर लिहितो, तेव्हा बाबदेव, इंदल किंवा भिंतीवरचा पिठोरा मानणाऱ्या मुलाने आपले घर कोठे शोधावे? सर्वांचा आदर शिकविणाऱ्या पाठातच ज्याचे नाव नाही, त्याला तो पाठ खोटा वाटणार. त्याच्या गावच्या वडीलधाऱ्याला एखाद्या दिवशी शाळेत बोलावून त्यांच्या पूजेची कथा सर्व मुलांना ऐकवावी. त्या दिवशी त्या मुलाची मान किती ताठ होते, ते शिक्षकाने पाहावे.

आणि जेथे वाद चालू आहे, तेथे काय करावे? धारच्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूचे नाव आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक मुलाच्या कानावर येते. तेथे 2003 साली मंगळवारी पूजा व शुक्रवारी नमाज अशी व्यवस्था लावण्यात आली. वसंत पंचमी शुक्रवारी आली त्या 2006, 2013 व 2016 या वर्षी तणाव निर्माण झाला. 2024 साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने पाहणी केली. शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही बाजूंच्या माणसांना ती जागा का प्रिय आहे, एवढे मुलांना समजावून द्यावे, निवाडा न्यायालयाचा. वर्गातील दोन मुले त्या दिवशीही एका बाकावर बसतील, एवढे पाहणे हे शाळेचे काम.

कायद्याची भीती कित्येक शिक्षकांना वाटते. घटनेच्या 28 व्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, हे खरे. परंतु एखाद्या पंथाची उपासना शिकविणे निराळे आणि धर्मांची ओळख करून देणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात हा भेद मान्य केला आहे. मुलाला कोणत्याही देवापुढे हात जोडावयास लावू नये. हात जोडणाऱ्या माणसाकडे आदराने पाहावयास शिकवावे.

उस्ताद रजब अली खाँ देवासचे. त्याच देवासला 1948 साली आजारी कुमार गंधर्व आले, माळव्याची लोकगीते त्यांनी अंथरुणावर पडून ऐकली, आणि पुढे कबीराची निर्गुणी भजने गाऊन घरोघरी पोहोचविली. त्या स्वरांपुढे बसलेल्या कोणालाही आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवावी लागली नाही. ‘आपला देव खरा की त्यांचा’ असे विचारणाऱ्या मुलाला यापुढे आपण घाईने उत्तर देऊ नये. त्याला जवळ बसवावे आणि म्हणावे, ‘बाळ, आधी तुला एका माणसाची गोष्ट सांगतो.’